पूर्व आणि पश्चिम : एका शाळामास्तराचा हिशेब

पौरस्त्य आणि पाश्चात्त्य संस्कृति, त्यांचे उगम आणि त्यांतील भेद, हा विषय माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावयास घ्यावा, हें ऐकून आपणांपैकीं कांहींच्या मुखावर स्मित उमटलें असेल. तें योग्यच आहे. या विषयावर मोठमोठ्या विद्वानांनीं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. मीं छत्तीस वर्षें खेड्यांतील मुलांस पाढे, त्रैराशिक आणि व्याज शिकविलें. ज्याला जें येतें त्यानें तेवढ्यापुरतेंच बोलावें, या न्यायानें आज मी संस्कृतीविषयीं बोलणार आहें, तें अंकगणिताच्या आधारानें.

या विषयासंबंधीं एक वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पूर्वेची संस्कृति आध्यात्मिक आणि पश्चिमेची भौतिक. पूर्वेनें आत्मा शोधिला, पश्चिमेनें यंत्र शोधिलें. मींहि हें वाक्य वर्गांत अनेकदां उच्चारिलें आहे आणि निबंधांत तें लिहिणाऱ्या मुलांस गुणहि दिले आहेत. वाक्य कानाला गोड लागतें, आणि त्यांत दोन्ही पक्षांस थोडाथोडा मान मिळतो. परंतु हिशेबाची वही उघडली कीं तें टिकत नाहीं. कारण पश्चिमेचें तें यंत्र ज्या अंकांवर चालतें ते अंक पूर्वेचे आहेत, आणि पूर्वेचें जें पंचांग आपण देवघरांत ठेवतों त्यांतील कित्येक शब्द पश्चिमेचे आहेत.

प्रथम अंकांचा प्रवास पाहूं. इ.स. ६२८ मध्यें भिल्लमाल नगरीच्या, म्हणजे आजच्या राजस्थानांतील भीनमाळच्या, ब्रह्मगुप्तानें ब्राह्मस्फुटसिद्धांत हा ग्रंथ रचिला. शून्याची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार कसे करावे, याचे नियम त्यांत दिले आहेत. शून्याला शून्यानें भागिलें असतां शून्य येतें, असें त्यानें लिहिलें, तें चुकलें. परंतु तो प्रश्न त्याला पडला, हेंच मोठें. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरांत ८७६ सालचा शिलालेख आहे. देवाच्या बागेसाठीं दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि देवाला रोज वाहावयाच्या माळा ५०, हे आंकडे आपल्या ओळखीच्या वाटोळ्या शून्यासह तेथें आजहि वाचावयास मिळतात.

हे अंक येथेंच राहिले नाहींत. आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिंधकडील एक पंडित बगदादच्या खलिफा मन्सूरच्या दरबारीं पोहोंचला आणि त्याच्याबरोबर एक सिद्धांतग्रंथ गेला. त्याचें अरबी भाषांतर झालें. पुढें नवव्या शतकांत मुहंमद इब्न मूसा अल् ख्वारिझ्मी यानें हिंदी पद्धतीच्या आंकडेमोडीवर पुस्तक लिहिलें. त्याच्या नांवापासूनच इंग्रजींतील आल्गोरिदम हा शब्द झाला, जो आज यंत्रगणकाच्या युगांत प्रत्येकाच्या तोंडीं आहे. आपल्या शून्याचा अरबींत सिफ्र झाला, सिफ्रचें लॅटिनांत झेफिरम् झालें, आणि त्याचेंच शेवटीं झीरो झालें. आपलीं मुलें आज शून्य हा शब्द टाकून झीरो म्हणतात, तेव्हां घरचीच वस्तु दूरदेशीं जाऊन वेष पालटून परत आली, एवढेंच समजावें.

आतां उलट प्रवास पाहूं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत ज्या पांच सिद्धांतांचा सार सांगितला, त्यांतील एकाचें नांव रोमक आणि दुसऱ्याचें पौलिश आहे. वर्तुळाच्या मध्याला आपण केंद्र म्हणतों, तो शब्द ग्रीक केंट्रॉन. कुंडलींतील होरा हा शब्द ग्रीक, आणि सातव्या स्थानाला जामित्र म्हणतात तोहि व्यासाला असलेल्या ग्रीक शब्दाचाच अपभ्रंश. मेष, वृषभ इत्यादि बारा राशि बाबिलोनच्या ज्योतिष्यांकडून ग्रीकांकडे आणि तेथून आपल्याकडे आल्या.

या देवघेवीची त्या काळच्या थोरांस लाज वाटत नव्हती. यवन परधर्मी असले तरी या शास्त्रांतील त्यांच्या अधिकारामुळें त्यांचा ऋषींसारखा मान राखिला पाहिजे, असा अभिप्राय वराहमिहिरानें स्पष्ट नमूद केला आहे. आणि त्यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं, ६६२ मध्यें, फरात नदीच्या कांठच्या एका मठांतील सेव्हेरस सेबोख्त नांवाच्या सीरियन बिशपानें नेमकें उलट बाजूनें तसेंच लिहिलें. सर्व ज्ञान ग्रीकांपाशींच आहे असें मानणाऱ्यांस त्यानें हिंदी लोकांच्या नऊ अंकांची आठवण करून दिली. एक पूर्वेकडचा, एक पश्चिमेकडचा. दोघांनींहि परक्याचें ऋण आपल्या लोकांसमोर मान्य केलें.

मग पूर्व कोठें संपते आणि पश्चिम कोठें सुरू होते? पुण्याहून पाहिलें तर बगदाद पश्चिमेस आहे. पॅरिसहून पाहिलें तर पूर्वेस. ग्रीक युक्लिडची भूमिति युरोपला बाराव्या शतकांत अरबी भाषांतरावरून लॅटिनांत मिळाली, आणि तीच भूमिति अठराव्या शतकाच्या प्रारंभीं जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राटानें अरबीवरूनच संस्कृतांत आणिली. एकाच विहिरीचें पाणी दोन्ही घरांत गेलें. उगमाच्या ठिकाणीं भेद शोधूं जावें तर तो सांपडत नाहीं.

आणि तरी भेद आहे, हेंहि कोणी नाकारूं नये. गेल्या चारपांचशें वर्षांत युरोपांत गणितानें आणि शास्त्रांनीं जी झेप घेतली ती आपल्याकडे त्या काळांत दिसली नाहीं. उगम जर मिसळलेले, तर हा भेद कोठून आला? याचें पूर्ण उत्तर देण्याची माझी योग्यता नाहीं. परंतु गणिताच्या इतिहासांतील दोन सनावळ्या शेजारीशेजारीं ठेवल्या असतां मला त्याचा एक धागा दिसतो. त्या सनावळ्या आहेत १२०२ आणि १२०७.

१२०२ सालीं इटलींतील पिसा शहरच्या लिओनार्दोनें, ज्याला जग फिबोनाच्ची म्हणून ओळखतें, एक ग्रंथ पूर्ण केला. त्याचा बाप उत्तर आफ्रिकेंतील बुजाया बंदरांत पिसाच्या व्यापाऱ्यांचा जकातीचा कारभार पाहत असे. मुलानें हिशेब शिकावा म्हणून त्यानें त्याला तेथें बोलावून घेतलें, आणि तेथें तो हिंदी अंक शिकला. पुढें त्यानें माल, नाणीं, भागीदारी आणि नफातोटा यांचीं असंख्य उदाहरणें घालून ते अंक आपल्या देशबांधवांपुढें ठेविले.

१२०७ च्या सुमारास आपल्या खानदेशांत, चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें, एका मठाला दान मिळालें. लीलावतीचे कर्ते भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. ज्ञानेश्वरांना भेटलेले योगी चांगदेव ते निराळे, हें येथें सांगून ठेवतों. या ज्योतिषी चांगदेवानें आपल्या आज्याच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून मठ स्थापिला, आणि तेथील सामंतानें त्याला उत्पन्न लावून दिलें. हा मजकूर कोरलेला शिलालेख पाटणच्या देवीच्या देवळांत आहे. पांच वर्षांच्या अंतरानें, पृथ्वीच्या दोन भागांत, एकाच विद्येसाठीं दोन माणसांनीं दोन दिवे लाविले. त्या घटकेस तुलना केली असती तर पाटणचा दिवा अधिक तेजस्वी ठरला असता; कारण भास्कराचार्यांचें गणित लिओनार्दोच्या काळच्या युरोपाहून कितीतरी पुढें होतें.

पुढें काय झालें पाहा. इटलींत नव्या अंकांस विरोधच झाला. १२९९ मध्यें फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानें हिशेबाच्या वहींत हे अंक लिहिण्यास मनाई केली; त्यांत खाडाखोड करून फसविणें सोपें, असें त्याचें कारण सांगतात. म्हणजे नव्याला भिणारे लोक पूर्वेसच असतात असें नाहीं. परंतु व्यापाराची गरज मनाईहून बलवत्तर ठरली. इटलीच्या शहरांतून वाण्याउदम्यांच्या मुलांसाठीं हिशेबाच्या शाळा निघाल्या. तेथें गणित लॅटिनांत नव्हे, तर बाजारच्या बोलींत शिकवीत. आणि १४७८ मध्यें व्हेनिसजवळच्या ट्रेव्हिझो येथें व्यापाऱ्यांच्या उपयोगाचें अंकगणित त्याच बोलींत छापून निघालें. विद्या मठांतून पेठेंत उतरली आणि पेठेंतून छापखान्यांत गेली.

आपल्याकडे विद्या नव्हती काय? होती. कारण विचारण्याची बुद्धि आपल्याकडे नव्हती, आपण केवळ सूत्रें पाठ करीत होतों, असें कोणी म्हणतात. तेंहि खोटें आहे. याला आपल्याच कोंकणांतील पुरावा आहे. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवचे गणेश दैवज्ञ, ज्यांच्या १५२० मधील ग्रहलाघवावरून पंचांगकर्त्यांनीं शतकानुशतकें गणित केलें, त्यांनीं १५४५ मध्यें लीलावतीवर बुद्धिविलासिनी नांवाची टीका लिहिली. भास्कराचार्यांनीं दिलेले नियम खरे कां, याच्या उपपत्ति त्यांत दिल्या आहेत. केरळांत तर त्याच शतकांत ज्येष्ठदेवानें युक्तिभाषा हा ग्रंथ चक्क मलयाळम् भाषेंत लिहून वर्तुळाच्या परिघाच्या सूक्ष्म गणिताचीं कारणें उलगडून सांगितलीं. म्हणजे 'कां' हा प्रश्न पूर्वेला ठाऊक होता आणि त्याचें उत्तरहि ठाऊक होतें.

परंतु गणेश दैवज्ञांचें उत्तर संस्कृतांत होतें आणि पोथींत होतें. त्यानंतर अकराच वर्षांनीं, १५५६ मध्यें, त्याच किनाऱ्यावर दक्षिणेस गोव्यांत छापण्याचें यंत्र उतरलें. तें धर्मप्रसारासाठीं आलेलें होतें. त्याला लीलावतीशीं कर्तव्य नव्हतें, आणि आपल्या शास्त्रीमंडळीस त्या यंत्राशीं कर्तव्य नव्हतें. एकाच समुद्राच्या कांठीं पोथी आणि छापखाना असून त्यांची गांठ पडली नाहीं. बुद्धिविलासिनी पुण्याच्या आनंदाश्रमानें छापून प्रसिद्ध केली ती १९३७ सालीं. १५४५ पासून १९३७ पर्यंत मोजा. ३९२ वर्षें होतात. तत्पूर्वीं, १८१६ मध्यें, लीलावतीचें इंग्रजी भाषांतर मुंबईंत छापून निघालें होतें. नांदगांवच्या उपपत्तींआधीं शंभराहून अधिक वर्षें मूळ ग्रंथ परक्या भाषेंत छापून झाला होता.

या मधल्या काळांत मराठी मुलगा गणित शिकत नव्हता असें नाहीं. पंतोजींच्या शाळेंत धुळपाटीवर अंक गिरवून तो पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे पाढे घडाघड म्हणत असे, आणि त्याच्या तोंडच्या हिशेबाला साहेबहि चकित होत. परंतु त्या शाळेंत 'कसें' शिकवीत, 'कां' शिकवीत नसत. 'कां' होतें तें पाठशाळेंत, संस्कृत जाणणाऱ्या थोड्या घरांत. एकाच गांवांत दोन ओसऱ्या होत्या. एकीवर हिशेब होता, दुसरीवर हिशेबाचें कारण होतें, आणि मध्यें दार नव्हतें. वाणी, कुणबी, सुतार, सोनार यांचा मुलगा तें दार ओलांडूं शकत नव्हता, आणि मुलींचा व ज्यांस गांवाबाहेर ठेविलें होतें त्यांच्या मुलांचा तर प्रश्नच नव्हता. पूर्व आणि पश्चिम यांचा जो भेद मला दिसतो तो एवढाच आहे. तो रक्ताचा नाहीं, हवेचा नाहीं, आत्म्याचा आणि यंत्राचाहि नाहीं. तो दाराचा आहे. एके ठिकाणीं तें दार, निदान शहरच्या व्यापाऱ्यांच्या मुलांपुरतें, आधीं उघडलें; दुसऱ्या ठिकाणीं फार उशिरां.

श्रोतेहो, येथवर मीं इतिहासाला दोष दिला. आतां माझा स्वतःचा हिशेब सांगितल्यावांचून हें भाषण पुरें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

माझ्या नोकरीच्या आठव्या कीं नवव्या वर्षीं मी सातवीच्या वर्गाला ऋण संख्या शिकवीत होतों. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, असा नियम फळ्यावर लिहून मीं मुलांकडून तो म्हणवून घेतला. शेवटच्या बांकावरील एक मुलगा उठून उभा राहिला. त्याचा बाप दुसऱ्याची जमीन वाट्यानें करी. मुलगा म्हणाला, "गुरुजी, ऋण म्हणजे कर्जच ना? आमच्या बापावर सोसायटीचं एक आणि सावकाराचं एक अशी दोन कर्जं आहेत. मग त्यांचं धन का होत नाही?"

सगळा वर्ग हंसला. मला वाटलें, पोरगा माझी थट्टा करतो आहे. खरें म्हणजे मला उत्तर येत नव्हतें, आणि उत्तर येत नाहीं हें चाळीस मुलांसमोर कळूं नये म्हणून मला राग आला. मीं त्याच्या हातावर दोन छड्या मारिल्या आणि तो नियम शंभर वेळां लिहून आणावयास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें तो शंभर वेळां लिहून आणिला. अक्षर सुबक होतें. त्यानंतर त्यानें मला पुन्हां कधींहि कांहीं विचारिलें नाहीं, आणि वर्षअखेरीस शाळा सोडली. शाळा सोडण्याचें कारण घरची गरिबी होती, माझी छडी नव्हती, असें मी मनाला समजावीत असें. परंतु विचारणें त्यानें सोडलें तें छडीनेंच, याविषयीं मला संशय नाहीं.

निवृत्त झाल्यावर मला वाचावयास सवड मिळाली, आणि मग कळलें कीं उण्या संख्यांचे नियम सांगतांना ब्रह्मगुप्तानें जे शब्द योजिले आहेत ते हेच : धन आणि ऋण, म्हणजे मत्ता आणि कर्ज. जवळजवळ चौदाशें वर्षांपूर्वींच्या आचार्यानें ज्या शब्दांत विचार केला, त्याच शब्दांत तो वाटेकऱ्याचा मुलगा विचार करीत होता. पुस्तकांतील ऋण हें घरचें ऋणच आहे, हें सबंध वर्गांत त्या एकट्याला सुचलें होतें. मला, त्याच्या मास्तराला, सुचलें नव्हतें.

त्याच्या प्रश्नाचें उत्तरहि फार अवघड नाहीं. दोन कर्जें एकत्र केलीं तर ती बेरीज झाली, आणि तिनें कर्जच वाढतें; त्याच्या बापाची स्थिति ती होती. गुणाकारांत दुसरें ऋण हें कर्ज नसतें, तें काढून घेण्याची खूण असते. एखाद्या माणसाच्या माथ्यावरून पांच रुपयांचें कर्ज तीन वेळां काढून घेतलें, तर तो पूर्वींपेक्षां पंधरा रुपयांनीं वर येतो. उणे पांच, उणे तीन वेळां, बरोबर अधिक पंधरा. चार वाक्यांचें काम. हीं चार वाक्यें त्या दिवशीं माझ्यापाशीं असतीं, किंवा निदान "मला ठाऊक नाहीं, उद्यां पाहून सांगतों" एवढें एक वाक्य जरी असतें, तरी तें दार उघडें राहिलें असतें. दार बंद करणारे केवळ जुने शास्त्री नव्हते. इसवी सनाच्या विसाव्या शतकांत, सरकारी पगार घेऊन, छापील पुस्तक हातांत धरून, मींहि तें बंद केलें.

मराठींत एका मास्तराचें उदाहरण आहे, त्याचें स्मरण करून मी थांबतों. कोंकणांतील मुरुड गांवीं, दापोलीजवळ, १८५३ मध्यें जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मॅट्रिक झालेले शिक्षक होते. शाळेची नोकरी संभाळून त्यांनीं भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास मराठींत लिहिला; तो १८९६ मध्यें प्रसिद्ध झाला. आमच्या शास्त्रांत आमचें काय आणि परक्यांचें काय, हा प्रश्न त्यांनीं अभिमान बाजूला ठेवून तपासला. परदेशच्या विद्वानांसहि त्यांच्या ग्रंथाचा आधार घ्यावा लागला. पाश्चात्त्यांची चिकित्सा आणि पौरस्त्यांचें पाठांतर एका साध्या शिक्षकाच्या ठिकाणीं एकत्र नांदलें, आणि त्यांत कांहीं विरोध आला नाहीं.

पाठांतराची मी निंदा करीत नाहीं. पाढे पाठ असावेच. माझे आजहि आहेत. परंतु आपल्या घरचें मूल पाढा म्हणतां म्हणतां थांबून "असं का?" म्हणेल, तेव्हां त्याला गप्प करूं नका. उत्तर येत असेल तर द्या. येत नसेल तर तसें सांगा. ज्या मुलाला मीं छडी मारिली तो आतां पन्नाशीच्या घरांत असेल. तो कोठें आहे हें मला माहीत नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर मीं वर दिलें आहे. द्यावयास फार उशीर झाला, याबद्दल त्यानें मला क्षमा करावी.